आधी पुसायचं

हेल्डुर सकाळी सहाला समुद्रात भोक पाडतो.
गिरमिट फिरवतो, पट्टी बुडवतो,
आकडा वहीत लिहितो पेन्सिलीनं,
कारण शाई गोठते.
मग मला फोन : "पिरेत, सव्वीस."
एवढंच. हॅलो नाही, ठेवतो नाही.

सव्वीस सेंटिमीटर म्हणजे रस्ता उघडा,
आमच्या बेटापासून पलीकडच्या एस्टोनियापर्यंत
अकरा किलोमीटर नुसता बर्फ,
कडेनं जुनिपरच्या फांद्या रोवलेल्या.
दोन टनांपर्यंतची गाडी. सीटबेल्ट लावायचा नाही,
बुडताना सोडवत बसायला वेळ नसतो.
चोविसाच्या खाली रस्ता बंद.
हे सगळं एका पानावर असतं.
ते पान मी सांभाळते.

जानेवारीत रस्ता उघडला
आणि सगळं बेट एकदम त्या पानावर लोटलं.
प्रत्येकासाठी माझा सर्व्हर नव्यानं उठायचा,
डेटाबेसच्या फडताळापाशी जायचा,
आकडा काढायचा, वारा काढायचा,
चौकट आखायचा, मथळा घालायचा,
पान हातात ठेवायचा, की दारात पुढचा :
आज बर्फ किती?
सव्वीस.
आज बर्फ किती?
सव्वीस.
एका पानाला नऊ सेकंद.
दूधवाला आर्वेद म्हणाला,
"एवढ्यात मीच भोक पाडून आलो असतो."

मग मी केलं ते इतकंच :
एकदा रचलेलं पान दारातच ठेवून दिलं.
येईल त्यानं उचलावं, जावं.
आत कुणाला उठवायचं नाही.
नऊ सेकंदांची एक पापणी झाली.
सर्व्हर झोपला. मीही झोपले,
दिवा मालवताना खिडकीतून पाहिलं,
तर समुद्रानंही तेच केलेलं :
लाटेमागून लाट घडवायचं सोडून
एकच सपाट प्रत वर मांडलेली.
घ्या, जा, खाली आवाज करू नका.

आठवडाभर आकडा हललाच नाही.
म्हणून कळलंही नाही, की मी
जुनं काढायची ओळ लिहिलीच नव्हती.
उद्या लिहू, म्हटलं होतं.

रविवारी नैर्ऋत्येचा वारा सुटला. "पिरेत, पंचवीस."
सोमवारी : "पिरेत, एकवीस."
मी आकडा भरला. फडताळात एकवीस.
दारातल्या पानावर सव्वीस.
आणि ते पान इतकं चटकन हातात येत होतं
की कुणाला शंका यायला
फुरसतच नव्हती.

साल्मे वाचनालयाची गाडी घेऊन निघाली,
मागे पुस्तकांच्या अठरा पेट्या.

तिनंच नंतर सांगितलं, बूट शेगडीपाशी ठेवत :
"दुसऱ्या किलोमीटरला बर्फ गाणं थांबवतो.
चांगला असला की तो गातो, माहीत आहे ना?
मी दार उघडं धरलं,
आणि उलट्या गियरमध्ये, हळू हळू, परत."
माझ्याकडे बघून म्हणाली नाही काही.
चहात साखर घातली. ढवळली. पुन्हा घातली.

हेल्डुर मला धक्क्यावर घेऊन गेला.
तिथे एक लाकडी फळा आहे,
त्याच्या बापाच्या काळातला.
त्यावर खडूनं सव्वीस होतं.
त्यानं बाहीनं ते आधी पुसलं,
फळा कोरा होईपर्यंत पुसलं,
मग खिशात खडू शोधला.
शोधायला वेळ लागला. दोन मुलं, एक कुत्रा,
रिकाम्या फळ्यासमोर थांबून राहिले.
मग त्यानं लिहिलं : एकवीस.
बाही झटकली. पांढरी पूड माझ्या कोटावर.

आता फोन आला की
दारातलं पान आधी जातं.
पुढचं रचून होईपर्यंत दार रिकामं असतं,
आणि नेमका तेव्हा जो येतो
त्याला पूर्ण नऊ सेकंद उभं राहावं लागतं.
बहुतेक तो आर्वेदच असतो.
कुरकुरतो.
कुरकुरू दे.